पाठाचा घटक : कोळी

तुम्ही तिला नोकरी द्यायला बोलावलंच नव्हतं. ती आली, बसली आणि कामाची निघाली नाही, एवढं कागदावर यावं म्हणून बोलावलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं, तुमच्या बाबूला माहीत होतं, शाळेच्या फाटकाशी उकडलेली बोरं विकणाऱ्या म्हातारीलाही माहीत होतं. ज्या पोरीला पत्र आलं, फक्त तिलाच खात्रीनं माहीत नव्हतं. तिला नुसता संशय होता. आणि नुसत्या संशयावर घरी बसून राहणं गरिबाला परवडत नाही.

पोरीचं नाव रंभा. दादाजी ढिवराची धाकटी. वैनगंगेच्या काठावरचं गाव, आभाळ निवळ असलं की तिथून मार्कंड्याच्या देवळाची शिखरं दिसतात. बाप नदीत आणि गावच्या तलावात जाळं टाकायचा, माय बायनाबाई चामोर्शीच्या बाजारात मासोळ्या विकायला बसायची. सत्त्याण्णव साली रंभा डी.एड. झाली, ढिवरांच्या अख्ख्या मोहल्ल्यात पहिली. दीड वर्ष तिनं अर्ज पाठवले. मग अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर, तुम्ही अध्यक्ष असलेल्या शाळेच्या संस्थेची जाहिरात आली. पाचवी ते सातवीला एक शिक्षक, जागा भटक्या जमातींसाठी राखीव. ढिवर त्यातच मोडतात.

मुलाखतीचं पत्र आलं ते तारखेच्या नऊ दिवस आधी. संशयाची सुरुवात तिथूनच झाली. अशी पत्रं मुलाखत होऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी येतात, असाच सगळ्यांचा अनुभव. हे वेळेत आलं, तेही रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसकट. दुसरं म्हणजे देणगीचं कोणी बोललं नाही. ना निरोप, ना सूचक हसणं, ना मधला माणूस.

"मांगत नाई म्हंजे द्याचीच नाई," दादाजी म्हणाला.

तिसरी गोष्ट पत्राच्या तळाशी होती. 'मुलाखतीचे वेळी पाठ घ्यावा लागेल. पाठाचा घटक : कोळी.' बस. वर्ग कोणता, विषय कोणता, काही नाही.

"कोळी म्हंजे आपनच ना वं?" बायनाबाईनं विचारलं. ती सुपात सुकवलेले झिंगे निवडत बसली होती.

"आपन ढिवर," दादाजी उखडला. "इथी कोन म्हनते आपल्याले कोळी? कोळी तिकडे समुद्राकडे. हे जात इचारून राह्यले, जात. सर्टिफिकिट लावलं तरी पोरीच्या तोंडून वदवून घेतीन. तमाशा पाह्याचा असन त्यायले."

"बाबा, घरात जाळं विनते त्यालेही कोळीच म्हनतात पुस्तकात. आठ पायवाला."

"मंग तो किडा म्हून साजरं लिहाचं होतं."

"किडा नाई होय थो. सहा पायाचा असला तं कीटक. याले आठ असतात."

"दोन पायाचा असू दे नाईतं आठ," बायनाबाई म्हणाली, "जाळं दोघायच्याबी हातात. पन तुह्यासाठी कोनतं टाकलं ते पाह्य."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. माय टोपली घेऊन बसली आणि रंभा पत्र घेऊन नाहीदकडे गेली. नाहीद तिची डी.एड.ची जोडीदारीण. चामोर्शीत तिच्या वडिलांचं, हाफिजभाईंचं, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत नाहीदची शिकवणी. तिनं पत्र एकदा सरळ वाचलं, एकदा उजेडाकडे धरून वाचलं.

"फंदा है ये," ती म्हणाली. "भाषेच्या पुस्तकात कोळी आहे, समुद्रावरचा. विज्ञानात पण कोळी आहे, भिंतीवरचा. तू एक शिकवशील, हे म्हणतील दुसरा पाहिजे होता. छुट्टी."

"मंग काय करू?"

"दोन्ही तयार कर. आणि आत्ता जाऊन विचार, कोणता. लेखी माग."

हाफिजभाई मशीनच्या पोटात तेल सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "बेटा, लेखी मांगा की आदमी डरता है. आन डरलेला मानूस पहिले तुहंच काम बिघडवते."

तुमच्या शिवणवर्गाची मशिनं हाफिजभाईच दुरुस्त करायचे. हे रंभाला तेवढ्यात आठवलं. यांना कोणी काही सांगून ठेवलं असेल का? लेखी मागू नको म्हणतात ते कोणाच्या बाजूनं? असं मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. पोटभर ज्यांच्या घरी जेवली त्या माणसाकडे ती तिरकं पाहायला लागली होती, ते तुमच्या एका पत्रानं.

दोघी शाळेत गेल्या. कचेरीत खुशालबाबू तळहातावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता.

"खुशालभाऊ, यातला कोळी कोनता?"

"कोळी म्हंजे कोळी."

"मानूस का प्रानी?"

"ते साहेबायले माहीत. मी टाइप करनारा."

"मंग साहेबायले इचारून दोन ओळी लिहून द्या."

खुशालबाबूचा अंगठा थांबला. "लिहून? बाई, तुम्ही मास्तरीन व्हायले आल्या का वकील?"

"दोन्ही झाली तरी चालते," नाहीद म्हणाली, "तुमच्याकडं एकच जागा आहे ना."

तो हसला. हसण्यात राग नव्हता, आणि तेच रंभाला खटकलं. ज्याला काही लपवायचं असतं तो चिडतो. हा चिडतही नव्हता. याच्यासाठी सगळं होऊन गेलेलं होतं.

दोघी बाहेर व्हरांड्यात आल्या, तशा माठापाशी एक बाई पाणी प्यायला आल्या. नीट चापून नेसलेली सुती साडी, काखेत सहावीचं हजेरीपुस्तक. नीलाबाई. त्या तुमच्या मेहुण्याची सून, हे गावाला माहीत. राखीव उमेदवार मिळाला नाही असं दाखवलं की एक वर्षाच्या तात्पुरत्या नेमणुकीचा आदेश निघतो, तसे तीन आदेश त्यांच्या नावावर निघालेले, हे कचेरीला माहीत. त्या पेला तोंडाला लावता लावता म्हणाल्या, "आठ पायांचा. विज्ञान. मी सांगितलं म्हणू नका." आणि पेला उपडा ठेवून वर्गात गेल्या.

दोघी फाटकाबाहेर आल्या.

"खरं सांगतलं असन का वं?" रंभानं विचारलं.

"तू लागली की तिची नौकरी गेली. ती खरं कशाला सांगेल?"

"खोटं सांगाचं असतं तं उठून सांगाले आलीच काऊन? चूप बसली असती तरी जमत होतं."

"मग तुला खरं वाटतं?"

"मले काईच वाटत नाई. मले आता मायवरबी भरोसा नाई."

उरलेले सात दिवस घर म्हणजे शाळाच झालं. रंभानं दोन पाठांची दोन टाचणं काढली. हेतू, साहित्य, प्रस्तावना, फळ्यावर काय, मुलांना प्रश्न कोणते, सगळं. जुन्या कॅलेंडरच्या मागं दोन तक्ते काढले. एकावर आठ पायांचा कोळी, डोकं आणि पोट वेगळ्या रंगात. दुसऱ्यावर डोंगा, वल्हं, जाळं. नाहीद एक दिवसाआड सायकलनं यायची आणि बाजेवर बसून साहेब व्हायची. रंभाच्या तोंडून 'मले', 'तुले' निघालं की एक चिंचोका भांड्यात. पहिल्या दिवशी भांडं वाजतच राहिलं.

"कोळ्याला आठ पाय असतात," रंभा म्हणायची.

"शाब्बास. आणि तो भक्ष्य कसं पकडतो?"

"तो जाळ्यात बसून राह्यते... राहतो. माशी फसली का..."

टण्.

"फसली की," नाहीद म्हणायची. "का नाही. की."

बायनाबाई कोपऱ्यातून ओरडायची, "अवं, माशी तं फसली ना एकडाव! का न् की करत बसान तं उडून जाईन थे!"

दादाजीला पहिल्यांदा हे सगळं पोरखेळ वाटलं. मग एक दिवस तो दारात जाळं दुरुस्त करता करता ऐकत होता. कोळी जाळ्याच्या धाग्यावर पाय टेकून बसतो, धागा थरथरला की त्याला कळतं, असं रंभा भिंतीला शिकवत होती. दादाजीचा हात थांबला.

"हे तं माहंच झालं," तो म्हणाला. "दोरी मनगटाले बांधून मी आंधारल्या पान्यात उभा राह्यतो. दिसत काईच नाई. थरथर आली का समजते, मासोळी हाय का नुसती काडी हाय."

रंभानं ते दोन्ही टाचणांत लिहून घेतलं. आता तिच्याकडे एका कोळ्यावरून दुसऱ्यावर जायची वाट होती. तुम्ही मध्येच अडवलं, तरी ती हातात तेच जाळं घेऊन पलीकडे जाऊ शकत होती. पत्र आल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

मुलाखतीच्या दिवशी ती पहिल्या बसनं आली. पिशवीत दोन तक्ते, दोन टाचणं, बापाचं लहान जाळं, सगळी मूळ प्रमाणपत्रं. प्रमाणपत्रं हातातून सोडायची नाहीत, दाखवून परत घ्यायची, हे नाहीदनं बजावलेलं. अकराची वेळ होती. बोलावलेल्या तिघांपैकी दोघं आलेच नाहीत. ते दोघं खरंच होते का, की नुसती नावं होती, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

खुशालबाबूनं एक कागद पुढं सरकवला. आडव्या-उभ्या रेघा मारलेला. अनुक्रमांक, नाव, प्रवर्ग, शेरा, सही.

"इथी सही करा."

"कशाची?"

"आल्या म्हून."

रंभानं कागद पाहिला. तिच्या नावापुढं शेऱ्याचा रकाना मोकळा होता. चांगला तीन बोटं रुंद. मोकळ्या रकान्यापुढं सही करायची म्हणजे कोऱ्या कागदावर सही करायची. आत्ता इथं काही नाही, पण ती गेल्यावर कोणीही काहीही लिहील आणि पुढं सही तिची. नऊ दिवस जागा राहिलेला तिचा संशय इथं ताडकन उभा राहिला.

"शेरा कोन लिहिते?"

"साहेब. नंतर."

"मंग सहीबी नंतर करतो."

"सही केल्याबिगर आत सोडत नाई, बाई. पाह्य बा तुमचं."

आतून घंटा वाजली. सहावीची पोरं बसवून ठेवली होती. रंभानं पेन घेतलं आणि तिला वाटलं तसं शहाणपणाचं काम केलं. तिनं आधी तो रकानाच भरून टाकला. कडेपासून कडेपर्यंत, मोठ्या अक्षरात, दुसऱ्याला शब्द घालायला जागा उरू नये असा. 'पाठ घेतला नाही.' मग सही केली.

तिला म्हणायचं होतं, ही सही पाठाच्या आधीची आहे. तिच्या गावात 'जेवली का वं?' असं विचारलं तर बाई म्हणते, 'नाई जेवली.' याचा अर्थ ती उपाशी राहणार असा कोणी काढत नाही. आता जेवेल, हात धुऊन बसतेच आहे, असा निघतो. 'अजून' हा शब्द तिथं कोणी वापरत नाही, तो ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचा असतो. सात दिवस नाहीदनं तिचे 'मले' मोजले, 'का' आणि 'की' मोजले. जो शब्द तिनं उच्चारलाच नाही, तो मोजायचं दोघींनाही सुचलं नाही.

खुशालबाबूनं कागद उलटा करून वाचला. दोनदा वाचला. घडी न घालता, जपून, फाइलीत ठेवला.

आत तुम्ही, मुख्याध्यापक आणि बाहेरून आणलेले एक तज्ज्ञ. मागच्या बाकावर, वर्ग त्यांचा म्हणून, नीलाबाई. रंभानं फळ्यावर 'कोळी' लिहिलं आणि वळून विचारलं, "सर, भाषेचा की विज्ञानाचा?"

"शिक्षक तुम्ही आहात," तुम्ही म्हणालात. "तुम्हीच ठरवा."

तिनं आठ पायांचा तक्ता लावला. पाच मिनिटं झाली असतील. तज्ज्ञांनी हात वर केला. "बाई, आम्हाला भाषेचा पाठ अपेक्षित होता."

रंभा थांबली नाही. तिनं पिशवीतून बापाचं जाळं काढलं, त्याची दोरी पहिल्या बाकावरच्या पोरीच्या मनगटाला बांधली आणि तिला म्हणाली, "डोळे मिट. मी जाळ्याला बोट लावते. कळलं की सांग." मग जाळं ताणून धरून त्याला हळूच बोट लावलं. पोरगी किंचाळली, "समजलं! समजलं!" मग अख्खा वर्ग उठला. सगळ्यांना दोरी धरायची होती. भिंतीवरच्या कोळ्यावरून पाण्यातल्या कोळ्यावर वर्ग कधी गेला ते पोरांना कळलंही नाही. डोंगा म्हणजे काय, वल्हं म्हणजे काय, समुद्र किती मोठा. एक पोरगं म्हणालं, "बाई, वैनगंगेपेक्षा?" आणि सगळे हसले.

"उच्चार अशुद्ध आहेत," तज्ज्ञ म्हणाले. "तुम्ही दोनदा पाणीऐवजी पानी म्हणालात."

"पोरायले समजलं का नाई ते इचारा ना, सर," रंभाच्या तोंडून निघून गेलं. सात दिवसांचे चिंचोके एका वाक्यात सांडले. पण तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

तुम्ही हसलात. "कळवू," म्हणालात.

तीन आठवडे काही कळलं नाही. मग एका सकाळी नाहीद पेपर घेऊन सायकलनं आली. तीच जागा, तीच जाहिरात, पुन्हा. वर एक ओळ जास्तीची. 'पात्र उमेदवार उपलब्ध न झाल्याने.'

"चल," नाहीद म्हणाली.

त्या दिवशी तुम्ही कचेरीतच होता. रंभानं बसायची वाट पाहिली नाही. "सर, मी अपात्र कशात निघाली? पाठात का कागदात?"

तुम्ही खुशालबाबूकडे पाहिलंत. त्यानं फाइल काढली. शिक्षण खात्याला पाठवलेल्या अहवालाची प्रत होती. रंभाच्या नावापुढं टाइप केलेलं : 'उमेदवाराने पाठ घेतला नाही. तसे स्वहस्ताक्षरात लिहून दिले आहे.' आणि त्याला जोडलेला तो रेघांचा कागद.

"अक्षर कोणाचं?" तुम्ही विचारलंत.

"माहं."

"सही?"

"माही."

"मग? आम्ही एक शब्द तरी घातलाय का यात?"

घातला नव्हता. घालायची गरजच पडली नव्हती. तुमच्यापासून राखायला जो रकाना तिनं बुजवला, तो तिनंच तुमच्यासाठी भरून ठेवला होता. तिला आठवलं, खुशालबाबूनं कागद दोनदा वाचला होता. त्यानं एक शब्द सांगितला असता. 'अजून'. तीन अक्षरं.

"हे सही करताना लिहिलं, पाठाच्या आधी," ती म्हणाली. "पाठ मंग घेतला. अर्धा घंटा घेतला."

"तसं कुठं लिहिलंय?"

"तुम्ही खुर्चीत बसून पाह्यला की!"

"मी जे कागदावर आहे ते पाहतो, बाई."

नाहीद काहीतरी जोरात बोलायला लागली. रंभानं तिचा हात धरून तिला गप्प केलं. दारात नीलाबाई उभ्या होत्या. मस्टरवर सही करायला आल्या होत्या आणि आतलं ऐकून चौकटीतच थबकल्या होत्या. नव्या जाहिरातीत पात्र उमेदवार मिळाला नाही, तर चौथा आदेश त्यांचाच निघणार होता. त्यांनी एकदा तुमच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. जायला वळल्याही.

रंभा दारात जाऊन त्यांच्या समोर उभी राहिली. तिला चिंचोके आठवले नाहीत, की आणि का आठवलं नाही.

"बाई, तुम्ही मांगच्या बाकावर होत्या. वर्ग तुमचा होता. मले कोनता कोळी ते माठापाशी येऊन तुम्हीच सांगतलं, ते काऊन सांगतलं ते मी आज इचारत नाई. साहेबाच्या समोर फक्त एवढं सांगा, होय का नाई. मी पाठ घेतला का नाई घेतला?"